राष्ट्रपतींच्या मागे दोन पावलं

राष्ट्रपती भवनात एडीसी, म्हणजे राष्ट्रपतींचा सैन्यदलातला सहायक अधिकारी, होतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "मग रोज काय बोलणं व्हायचं?" बोलणं फारसं नसतंच. राष्ट्रपतींचे पाच एडीसी असतात. तीन लष्कराचे, एक नौदलाचा, एक हवाई दलाचा. गणवेशावर सोनेरी दोरी, जागा राष्ट्रपतींच्या मागे. पाहुणा कुठून येणार, कुठे थांबणार, हे ड्युटीवरच्या एडीसीला तोंडपाठ लागतं.

मला सगळ्यात जवळचा वाटायचा तो पद्म पुरस्कारांचा दिवस. दरबार हॉल, म्हणजे आताचा गणतंत्र मंडप. एकदा एक खूप वयस्कर आजी अनवाणी आल्या. गालिच्याच्या कडेशी त्यांचा पाय अडखळतोय की काय म्हणून मी अर्धं पाऊल पुढे सरलो, तेवढ्यात राष्ट्रपतीच दोन पावलं चालून त्यांच्यापाशी गेले. आजींनी थरथरता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. हे कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. सेनादलांचे सरसेनापती असलेले राष्ट्रपती मान वाकवून उभे होते. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, पण चेहरा हलू द्यायचा नव्हता. लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं.