मिनातो-इताची जोड, नोंद ८: निकाल पुन्हा पेन्सिलीत

'नारुतो' या जपानी मंगातले (चित्रकथेतले) मिनातो नि इताची हे दोन निंजा समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा आमचा जुना वाद. मिनातोचा डाव हिराईशिन: हातानं खूण लावायची, मग त्या खुणेपाशी क्षणात प्रकट व्हायचं. नोंद ७ मध्ये 'मिनातो, निकाली' असं शाईनं लिहून मोकळे झालो होतो. ते खोडलं. खानापूरकरांकडनं एकच प्रश्न आला: "ज्येला हात लागला त्यो इताचीच हुता कशावरनं?" उत्तर नव्हतं.

मांडणी जुनीच. मोकळा माळ, २० मीटर अंतर, इताची ठणठणीत, दोघांना एकमेकांची नुसती कीर्ती ठाऊक. फिलर (मंगात नसलेले, अ‍ॅनिमेत घुसडलेले भाग) बाद.

इताचीच्या डोळ्यांचं भांडण मिटलं: नजर भिडली की गेनजुत्सू, म्हणजे भ्रमजाल. पायांकडं बघून लढायची 'गाय' नावाच्या निंजाची युक्ती अर्धीच पुरते, कारण गारा या निंजाच्या सुटकेच्या वेळी इताचीनं नारुतोला नुसत्या बोटानं गेनजुत्सूत पाडलं होतं. तेव्हा मिनातो एका जागी रेंगाळला की गुण इताचीला. हिराईशिनवाला रेंगाळतो कशाला, ते सोडा. अमातेरासूचंही, म्हणजे नजरेनं पेटणाऱ्या काळ्या आगीचंही, भागलं: इताचीचा भाऊ सासुके याची तीच आग चौथ्या रायकागेनं (एका निंजा-गावाच्या प्रमुखानं) वेगावर चुकवली, आणि त्याच रायकागेचा ठोसा मिनातोनं चुकवला. वेग निराळा नि स्थलांतर निराळं, म्हणून ही साखळी जरा ओढूनताणून आहे.

सुसानोओनं, म्हणजे इताचीभोवती उठणाऱ्या चक्राच्या (निंजाच्या शक्तीच्या) सांगाड्यानं, सासुकेच्या किरीन डावाची वीज झेललीय, म्हणजे बाहेरून रासेनगान (मिनातोचा चक्राचा गोळा) मारून काही उपयोग नाही. ओबितो या शत्रूच्या अंगावर मिनातोनं जशी खूण लावली तशीच इथं लावायची. ती पुसली जात नाही. मग सुसानोओच्या फासळ्या उठल्या तरी मिनातो थेट आतच उतरणार, असं आम्ही धरलंय.

घोडं अडलंय ते पहिल्या स्पर्शापाशी. मिनातोनं खूण असलेल्या तीन कुनाई (फेकायचे सुरे) फेकल्या. इताची हवेतल्या कुनाईवर कुनाई मारून दिशा फिरवणारा, तिन्ही उडवणार. उडवू दे की! उडालेल्या कुनाईवरही खूण असतेच. एखादी त्याच्या पाठीमागं पडली की मिनातो तिथं हजर. या एका मुद्द्यावर आम्ही निपाणीकरांकडनं अर्धा किलो कुंदा वसूल केला. पण पाठीवर हात टेकला आणि तो कागेबुनशिन (इताचीची हुबेहूब प्रत) निघाला तर? काकाशी या निंजासमोर इताचीनं फुटणारा बुनशिन वापरलाय. खूण वाया, वर स्फोट तोंडावर. म्हणून तीनच्या पाच कुनाई केल्या. दोन आधीच लांब फेकायच्या, निसटायला.

तरी खरा कोण हे कळत नाहीच. मग चक्राच्या हिशेबाकडं वळलो. कागेबुनशिन चक्र सारखं वाटतो, आणि २००८ च्या डेटाबुकात (मंगाच्या अधिकृत माहितीपुस्तकात) इताचीचा दम ५ पैकी २.५. दोन बुनशिन करून वर सुसानोओ त्याला फार वेळ पेलायचा नाही. म्हणून लढतीची मुदत ५ वरून १५ मिनिटं केली.

(वेग मोजायला अ‍ॅनिमे काढू नका, एक फेक तिथं अर्धा भाग चालते. मंगाच्या चौकटी मोजा. आणि मोबाईलवरच्या तक्त्यात बाण काढता येत नाहीत. रेघांची लांब वही नि ०.५ ची पेन्सिल घ्या.)

हे लिहितानाच सुचलं: हात लावायला मिनातोनं स्वतः जायचंच कशाला? कागेबुनशिन तोही करतो. पुढं प्रत पाठवायची; स्फोट झाला तर प्रत गेली, आणि त्या धुरात तिसरी कुनाई खऱ्याच्या पायाशी. म्हणजे १५ मिनिटांची गरजच नाही, मुदत परत ५. पण चक्र मिनातोचंही वाटलं जाणार, ते अजून मांडलेलं नाही.

सध्या पेन्सिलीनं: मिनातो, दहात सहा वेळा. हरकत घ्यायची त्यानं प्रकरणाचा आकडा देऊन घ्यावी.