स्कीओख टेकडीवरील दगडी पंगत

आज स्कॉटलंडमधील डम्फ्रीजजवळच्या स्कीओख टेकडीवर, ओळीने मांडलेल्या सपाट दगडांपर्यंत चालत गेलो. राजाने चर्चवर लादलेले बिशप न मानणाऱ्या कव्हेनंटरांनी १६७८ मध्ये येथे, उघड्या आकाशाखाली, गुप्तपणे प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा, विधी केला. अशा सभेत प्रवचन करणाऱ्यास १६७० च्या कायद्याने देहदंड ठरवलेला असतानाही सुमारे ३,००० माणसे जमली होती, असे सांगतात. हे दगड म्हणजे त्यांची पंगतच. एवढ्या गर्दीला गुप्त कसे म्हणावे, असे चढताना वाटत होते. परंतु वस्तीपासूनचे अंतर पायांनी मोजल्यावर आणि भोवतालच्या उंचवट्यांवर उभे राहिलेले सशस्त्र पहारेकरी डोळ्यांपुढे आणल्यावर ती शंका उरली नाही. त्या दिवशीच्या धर्मोपदेशकांपैकी जॉन ब्लॅकॅडर पुढे बास रॉक बेटावरील कैदेत वारले. १८७० मध्ये उभारलेले स्मारक मला मात्र, खरे सांगायचे तर, त्या दगडांपुढे अनावश्यक वाटले.