तरीही त्याच डॉक्टरांकडे

"ज्या बाईंनी तुला मनाविरुद्ध ॲडमिट केलं, त्यांच्याचकडे अजून कशी जातेस?" नातेवाइकांचं विचारून झालं, आता मैत्रिणी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

मला बायपोलर, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी खोल बुडतं तो आजार, आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बारीक रेखाटनं करते आणि त्यावरच्या लिथियम या औषधानं हात थरथरतात, हेही. रक्तातली लिथियमची पातळी ०.६ वर भागेल की ०.८ लागेल यावर मी डॉक्टरांशी भांडते, त्याही भांडतात. पण बरी असताना पेशंटचं मत विचारणं सोपं असतं. त्यासाठी मी कुणाचे गोडवे गाणार नाही.

बिघडल्यावर काय, त्यासाठी आम्ही तिघांनी, म्हणजे नवरा, डॉक्टर आणि मी, बसून कागद केला. ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह, म्हणजे बिघडल्यावर कोणते उपचार चालतील आणि कोणते नाहीत, हे बरी असतानाच लिहून ठेवायचं. माझ्याच अक्षरात: लागोपाठ दोन रात्री झोपले नाही आणि उधारी करत सुटले, तर माझं ऐकू नका. शांत करायला लोराझेपाम चालेल. हॅलोपेरिडॉल नको, मागे त्यानं मान आखडून एका बाजूला वळली होती.

मग ती वेळ आलीच. मी वॉर्डात ओरडत होते, "तो कागद रद्द! आत्ता, सगळ्यांसमोर रद्द!" दोघांनी दंड धरलेले. नर्सनं हॅलोपेरिडॉल भरायला घेतलं होतं. डॉक्टरांनी फाईल उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली, "हॅलोपेरिडॉल नको, मान आखडते." ॲम्प्यूल बाजूला गेली, दुसरी आली. सुई टोचलीच. मी जो कागद फाडा म्हणत होते, त्यातलीच एक ओळ माझ्या बाजूनं लढली आणि दुसरीनं मला कॉटवर दाबून धरलं.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "कागदात काय कमी पडलं?" मी म्हटलं, "धरण्याआधी सांगायचं होतं, कोण धरणार आणि का." त्यांनी ते तिथंच लिहून घेतलं. म्हणून जाते. दंड धरल्याचं माफ केलंय, असं मात्र समजू नका.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार वाचला, तेव्हा कलम १२ मी सगळ्यांना ऐकवत सुटले होते: कायद्यापुढं माझा निर्णय इतरांच्या निर्णयाइतकाच. जबरदस्ती ती जबरदस्तीच, असं म्हणायचे. तेव्हाच्या मला आज विचारते, बाई गं, लिहिणारी खरी की ओरडणारी? ती म्हणते, दोघीही तूच. मग एकीचं ऐकायचं आणि दुसरीचं नाही, हे त्यांनी कुठल्या अधिकारात ठरवलं? तिला गप्प करता येत नाही. करावंसंही वाटत नाही.

सध्या वाद झोपेच्या ओळीवर आहे. काम अंगावर आलं की मी ठणठणीत असतानाही जागते, म्हणून ती काढा म्हणते. नवरा अडून बसलाय. त्याला वेळेत दिसणारं तेवढं एकच लक्षण आहे. डॉक्टर म्हणतात, तुमचं एकमत होईपर्यंत जुनाच कागद लागू.