तळाशी काही उरलं होतं का?

शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर गॅदरिंग, सहल, खेळांबद्दल सगळे लिहितीलच, मी आपली नववीच्या केमिस्ट्रीवर लिहिते. आम्हा इंदूरच्या मराठी पोरांची पंचाईत अशी की हिंदी पुस्तकात "संतृप्त विलयन" आणि घरी बाबा शिकवायला बसले की "संपृक्त द्रावण", मला दोन्ही कळायचं नाही, मी एवढंच धरून होते की पाण्याचं पोट भरलं, आता ते नको म्हणतंय.

बाईंनी एक दिवस मलाच पुढे बोलावलं. 100 ग्रॅम पाणी, त्यात थोडंथोडं मीठ. 36 ग्रॅमच्या आसपास गाडी अडली, मग कितीही ढवळा, तळाशी बसलेलं हलेना. मी म्हटलं, भरलं पोट. बाईंनी वरचं नितळ पाणी दुसऱ्या बीकरमध्ये ओतून त्यात चमचाभर साखर टाकली आणि ती बिनबोभाट विरघळली की! "जेवण झालं तरी गोडाला जागा असते का गं?" वर्ग खो खो हसला. पाणी मिठापुरतं भरलेलं होतं, हे तेव्हा डोक्यात गेलं.

मग गरम करणं. मीठ उकळत्या पाण्यातही 39 ग्रॅमच्या पुढे फारसं जात नाही, पण सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 20 डिग्रीला 32 ग्रॅम आणि 60 ला चक्क 110! नळाला पाणी नव्हतं म्हणून बाईंनी सोऱ्याची गरम परीक्षानळी माठातल्या पाण्याच्या तांब्यात धरली, आणि बघता बघता आत पांढऱ्या सुया उतरायला लागल्या, आम्ही पोरी एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होतो.

त्या नादात मी सियागंज बाजारातून नीलाथोथा, म्हणजे मोरचूद आणला, ग्लासात अंदाजे घोळला, तो वाढेल म्हणून दोऱ्याला छोटा खडा बांधून सोडला. सकाळी नुसता दोरा! रडकुंडीला येऊन बाईंना सांगितलं तर एवढंच विचारलं, "तळाशी काही उरलं होतं का?" नव्हतं. म्हणजे पाण्याची भूक बाकी होती, त्याने माझाच खडा खाल्ला. दुसऱ्यांदा तळाशी उरेपर्यंत घातला, रात्रभर ठेवून गाळला, दोऱ्याला नवा खडा बांधून सोडला, वर कागद झाकला. बारा दिवसांनी चिंचोक्याएवढा, तिरक्या कडांचा निळा खडा.

बाईंनी तो वर्गभर फिरवला. आईने तो ग्लास मात्र परत स्वयंपाकघरात येऊ दिला नाही, आणि विषच ते, तिचं बरोबरच होतं.