अर्धा हौदा रिकामा, तरी गाडी भरलेली

घर हलवायला गाडी भाड्याने घेताना लोक आधी खोल्या सांगतात. "दोनच खोल्या आहेत हो, छोटी गाडी पुरे." खोल्यांवरून जागेचा अंदाज येतो, वजनाचा येत नाही. हे मला त्या बाईंच्या घरी जितकं लख्ख दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

निवृत्त शिक्षिका होत्या. यादीत खाट, टेबल, फ्रिज, चार खुर्च्या आणि शेवटी "थोडी पुस्तकं". त्या मानाने ७५० किलो पासिंगची, म्हणजे तेवढंच वजन न्यायची परवानगी असलेली गाडी नेली. दारात पाहिलं तर पुस्तकांचे ६० खोके रचलेले. प्रत्येकावर विषय लिहिलेला, टेप दुहेरी मारलेली. इतकी नेटकी बांधाबांध क्वचितच बघायला मिळते.

हमाल भराभर खोके चढवू लागले. मी मागच्या चाकापाशी बसून पाट्यांवर, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर नजर ठेवली. रिकाम्या गाडीच्या पाट्यांना बाक असतो, वजन पडेल तसा तो कमी होत जातो. पस्तिसाव्या खोक्याला पाटे पार सपाट. मी काम थांबवलं.

"अहो, अर्धा हौदा मोकळा आहे अजून! फ्रिज, खाट सगळं मावेल की," बाई म्हणाल्या.

मावलं असतं, खरंच. मी हुकाचा काटा काढला आणि एक खोका लटकवून त्यांना दाखवला. १९ किलो. "बाई, ६० खोक्यांचे किती होतात बघा." त्या गणिताच्या शिक्षिका. क्षणात म्हणाल्या, "११४०." पुढे वाद नाही.

जागा संपली की भरणं आपोआप थांबतं, वजनाचं तसं नाही. जादा भरलेली गाडी सुरू होते, चालतेही. पण ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, टायर तापतात, आणि बोजा मागे झुकला की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही. आत माझा ड्रायव्हर बसलेला असतो, समोर रस्त्यावर कुणाची तरी लेकरं असतात. अशी गाडी मी सोडत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मोठी गाडी यायला दुपार झाली. पुस्तकं केबिनला लावून, खालच्या थरात, हौद्याच्या पूर्ण रुंदीत पसरली, वर गाद्या. फ्रिज उभाच ठेवून बाजूला बांधला, कारण आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. छोट्या गाडीचं भाडं मी लावलं नाही. हमालांची दुप्पट मेहनत झाली होती, त्याची मजुरी बाईंनी न मागता दिली.

आता बुकिंग घेताना पुस्तकांच्या फळ्या किती मीटर भरतील ते विचारतो आणि मीटरला साधारण ३० किलो धरतो. सांगता येत नसेल तर फोटो मागवतो, कपाटाची दारं उघडून काढलेला.