आमची वाटचाल: आधी खाद्य, मग बीज

आम्ही सुरवात केली ती फक्त खाद्यापासून. तिलापिया या तळ्यात पाळायच्या माशाचं तरंगतं पेलेट (गोळी) खाद्य बनवायचं आणि त्यात फिशमील जमेल तेवढं कमी करायचं, एवढंच डोक्यात होतं. फिशमील म्हणजे माशाचं पीठ, ते बनतं समुद्रातल्या छोट्या माशांपासून, त्यात पेरूची अँकोव्ही सगळ्यात मोठी, आणि एल निनो आला की ती मासेमारी घसरते नि जगभर भाव चढतात. तळ्यातला मासा पोसायला समुद्रातला मासा उपसायचा हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

मग सोयापेंडीवर आलो. पण फिशमीलमध्ये प्रोटीन 60-65 टक्के तर पेंडीत 45 च्या आसपास, त्यात मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी, आणि पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, तो माशाच्या अंगी लागत नाही, विष्ठेतून पाण्यात जातो नि शेवाळ माजतं. म्हणून मेथिओनिन वरून घालतो, आणि तो फॉस्फरस मोकळा करणारं फायटेज एन्झाइम उष्णतेत टिकत नाही म्हणून पेलेट तयार झाल्यावर फवारतो. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) खाद्यात मात्र अजून थोडं फिशमील ठेवतोच. नॉर्वेत सॅल्मनच्या खाद्यात 1990 साली जवळजवळ 90 टक्के माल समुद्रातला होता, 2013 पर्यंत तो 30 टक्क्यांच्या आसपास आला, ते वाचून खूप हुरूप आला होता.

पण खरा फरक पडला बीजामुळे, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांमुळे. तळं एक, खाद्य एक, तरी काही मासे भराभर वाढतात नि काही मागेच राहतात, आणि यातला काही भाग आनुवंशिक असतो. गिफ्ट तिलापियाचं, म्हणजे निवडीतून सुधारलेल्या जातीचं, काम फिलिपिन्समध्ये 1988 ला सुरू झालं ते याच जोरावर, आणि तिथे दर पिढीला वाढीत 10 टक्क्यांहून जास्त फायदा मिळाला. आता मुद्दा असा की फिशमीलच्या खाद्यावर पहिला आलेला मासा पेंडीच्या खाद्यावरही पहिलाच येईल याची खात्री नसते, म्हणून आम्ही ब्रूडरची (पैदाशीच्या माशांची) निवड आमच्याच कमी फिशमीलच्या खाद्यावर करतो. प्रत्येक फॅमिली (एका आईबापाची पिल्लं) सुरवातीला वेगळ्या हाप्यात (जाळीच्या पिंजऱ्यात), मग ओळखीसाठी अंगात चिप टॅग, आणि भाऊबहिणीची जोडी कधीच लावत नाही. बरेच जण म्हणतात मोठे मोठे मासे उचला की झालं, पण ते सगळे एकाच आईबापाचे निघाले तर काही पिढ्यांत वाढ खुंटते, पिल्लं कमजोर होतात, त्यामुळे नोंदवहीशिवाय निवड करू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

सध्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांच्या पिठाची चाचणी चालू आहे, चरबी काढलेलं पीठ पेलेटला जास्त बरं पडतंय. ते बसलं की पुढच्या पिढीची निवड त्याच खाद्यावर करायची ठरवलंय.