पेंग्विनहून लहान शार्क

गॅलापागोसला येणाऱ्या आपल्या मंडळींना शार्क हवा असतो, तोही मोठ्ठा. टूर मॅनेजर म्हणून ही फर्माईश मला पाठ झाली आहे.

त्या दिवशी आम्ही इसाबेला बेटाच्या पश्चिमेला, तागुस कोव्हमध्ये होतो. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक काका वेटसूट घालायला तयार होईनात. “अगं, विषुववृत्त इथून तीसेक किलोमीटर! रबरी डगला कशाला?” पाण्यात पाय बुडवला आणि मुकाट्याने डगला मागून घेतला. क्रॉमवेल प्रवाह पृष्ठभागाखालून पश्चिमेकडून येऊन बेटांच्या उताराला धडकतो आणि खालचं गार पाणी वर चढतं. पेंग्विन इथे टिकलाय तो याच पाण्याच्या जिवावर.

समोर काळ्या लाव्हावर दोघं उभे होते. उंची जेमतेम अर्धा मीटर, वजन असेल अडीच किलो. पंख अंगापासून लांब धरलेले, वाकून आपल्याच पावलांवर सावली पाडलेली, चोच उघडून धापा चाललेल्या. “राणीच्या बागेत यांच्या भावंडांना एसी असतो हो!” एक काकू कळवळल्या. तिथले हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीकडचे, पण नातं जवळचंच.

रात्री गाईडने पडद्यावर एक शार्क दाखवला: चॉकलेटी अंग, फिकट ठिपके, प्रत्येकाची नक्षी निराळी. १९९०च्या दशकात ‘जॉन्सन सी-लिंक’ पाणबुडीने ४२८ ते ५६२ मीटर खोलीवरून याचे नमुने आणले. बायथेल्युरस गिडिंग्सी हे नाव मिळालं २०१२मध्ये. लांबी साधारण फूटभर.

“म्हणजे सकाळचा पेंग्विन याच्याहून मोठा?” नाशिकचे एक गृहस्थ जवळजवळ रागावलेच. पैसे भरलेत शार्कचे, असा चेहरा. मला मात्र सगळ्या सहलीत हाच शार्क आवडला. बाकीचे काय, कुठेही दिसतात.

काकांचं डोकं वेगळीकडे चाललं होतं. “हा खाली गारव्यातच राहतो. वरच्याचं काय? वरचं पाणी तापलं तर?”

गाईड म्हणाला, एल निनोत तेच होतं. गार पाणी वर येईनासं होतं, किनाऱ्यालगतचे छोटे मासे नाहीसे होतात, पेंग्विन अंडी घालायचेच थांबतात. १९८२-८३मध्ये त्यांची संख्या ७७ टक्क्यांनी घटली.

“म्हणजे ऊन नाही मारत, उपास मारतो,” काका म्हणाले.

गाईडने मान डोलावली आणि १९९७-९८चा आकडा सांगितला: ६५ टक्के.